चार हजारांत समुद्रावर गरवायचा रॉड: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

पावसाळा ओसरला आणि चोर्ला-आंबोली घाटातले धुके कमी झाले की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या बऱ्याच गाड्या रविवारी पहाटे किनाऱ्याकडे वळतात. कोणी वेंगुर्ले-शिरोड्याला जातो, कोणी तेरेखोलच्या मुखाशी केरीला, तर कोणी कारवारला काळी नदी समुद्राला मिळते तिथे. पूर्वी या गाड्यांत क्रिकेटची बॅट असायची, आता मासेमारीचा रॉड दिसतो. आणि दर वर्षी या दिवसांत एकच प्रश्न कानावर येतो: "समुद्रावर गरवायला रॉड घ्यायचाय, पण तीन-चार हजारांच्या वर जमणार नाही. कुठला घेऊ?"

थोडक्यात उत्तर असे: दहा ते अकरा फुटांचा, दोन किंवा तीन तुकड्यांचा, फायबर ग्लासचा पोकळ रॉड घ्या. त्यावर ऐंशी ते शंभर ग्रॅम वजन फेकता येईल असे लिहिलेले असावे आणि रिंगा धड असाव्यात. नाव कुठलेही चालेल. ब्रँड येतात-जातात, पण या गोष्टी बदलत नाहीत.

आता हे असेच का, ते बघू. कारण समजले नाही तर दुकानात गेल्यावर चकचकीत चौदा फुटी 'कार्बन' बघून मन बदलते, आणि पैसे नेमके तिथेच जातात.

मासा किती लांब असतो?

नव्या माणसाचा पहिला समज असा की जितके लांब फेकू तितका मोठा मासा. या एका समजापायी सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. चौदा फुटी रॉड, त्याला पेलणारे मोठे रीळ, त्यावर महागडी ब्रेडची दोरी. सगळा खर्च फक्त अंतरासाठी.

शिरोड्याला एकदा आम्ही चौघे कंबरभर पाण्यात उभे राहून जीव खाऊन गळ फेकत होतो. मागून एक म्हातारे गृहस्थ आले. हातात रॉड नव्हता, फक्त लाकडाला गुंडाळलेले तंगूस. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "झिला, मासो हयसर आसा, तू थंयसर कित्याक फेकतंस?" त्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून पंचवीस-तीस पावलांवर गळ टाकला आणि तासाभरात सात-आठ मुडदुशी काढल्या. आमच्या चौघांत मिळून एक शिंगाळा.

यामागे साधे कारण आहे. वाळूच्या किनाऱ्यावर लाटा जिथे फुटतात तिथे वाळूचा उंचवटा असतो आणि त्या उंचवट्याच्या अलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला, थोडा खोल चर असतो. लाटेने वाळू उकरली जाते, त्यातले किडे, बारीक खेकडे, शिंपले मोकळे होतात आणि चरात साचतात. ते खायला मुडदुशी, शेवटे, लहान तांबोशी भरतीबरोबर आत येतात. हा चर बऱ्याच ठिकाणी काठापासून वीस ते पन्नास मीटरच्या आतच असतो. सुकतीला किनाऱ्यावर जाऊन वाळूचे खळगे नीट बघून ठेवले तर भरतीला मासा कुठे येणार, ते आधीच कळते. त्याला पैसे पडत नाहीत.

नदीच्या मुखाशी तर अंतराचा प्रश्न आणखी कमी होतो. चोणक, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला जिताडा म्हणतात, तो आणि तांबोशी खडकांच्या, खांबांच्या आसपास दबा धरून बसतात. तिथे शंभर मीटरवर फेकणाऱ्यापेक्षा खडकाच्या बगलेत अचूक टाकणारा जिंकतो.

तेव्हा पन्नास-साठ मीटर नीट फेकता आले तरी नव्या माणसाचे काम भागते. आणि तेवढे अंतर स्वस्त रॉडवर मिळते.

लांबी: दहा-अकरा फूट का?

मग सात फुटी रॉड का नको? कारण लाट. काठावर उभे राहून गळ टाकला की दोरी फुटणाऱ्या लाटांवरून पलीकडे जायला हवी. रॉड आखूड असेल तर लाट दोरी ओढत राहते, शिसे जागेवर थांबत नाही आणि मासा चावला की लाट आली हे कळत नाही. रॉड लांब असला की दोरी उंच राहते. शिवाय लांब रॉडचे टोक जास्त वेगाने फिरते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत शिसे लांब जाते.

पण याला मर्यादा आहे. रॉड जितका लांब तितका तो फिरवायला जास्त जोर आणि जास्त सराव लागतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने स्वस्तातला जड चौदा फुटी रॉड हातात घेतला तर तो फिरतच नाही, नुसता ढकलला जातो. त्या माणसाचा गळ दहा फुटी रॉडने जास्त लांब जाईल. वर स्वस्त लांब रॉडचे टोक स्वतःच्याच वजनाने वाकलेले असते; दोन तास हातात धरला की खांदा बोलू लागतो. दहा-अकरा फूट हा मधला मार्ग आहे. धडधाकट उंच माणसाने बारापर्यंत जावे. त्यापुढची लांबी पहिल्या रॉडला नको.

रॉडवरचा खरा आकडा

रॉडच्या बुडाशी मुठीच्या वर बारीक अक्षरात काही आकडे असतात. लांबी मोठ्या अक्षरात असते, ती सगळे वाचतात. तिच्या शेजारी ग्रॅममध्ये एक आकडा असतो: ३०–६०, ६०–१२०, १००–२०० वगैरे. हा रॉड किती वजन फेकण्यासाठी बनवला आहे, ते हा आकडा सांगतो. सगळ्यात आधी हाच वाचायचा.

माझा पहिला समुद्राचा रॉड ऑनलाइन मागवलेला, बारा फुटी, काळाकुळकुळीत. कारवारला तिसऱ्याच फेकीत टोकापासून दुसऱ्या तुकड्यात काडकन मोडला. विकणाऱ्याला शिव्या घालत घरी आलो. नंतर नीट वाचले तर त्यावर ३०–६० ग्रॅम लिहिले होते आणि मी त्याला शंभर ग्रॅमचे शिसे लावले होते. चूक रॉडची कमी, माझी जास्त.

हिशेब असा करायचा. आपल्या किनाऱ्यावर समुद्र शांत असेल तर पन्नास-साठ ग्रॅमचे शिसे टिकते. थोडी लाट, थोडी ओढ असेल तर ऐंशी ते शंभर लागते. त्यात आमिषाचे पंधरा-वीस ग्रॅम धरा. म्हणजे एकूण शंभर-सव्वाशे ग्रॅमपर्यंत. रॉडवर लिहिलेल्या वरच्या आकड्याला कधी जाऊन भिडू नये, थोडे खालीच राहावे. स्वस्त रॉडच्या बाबतीत तर नक्कीच. म्हणून ६०–१२० लिहिलेला रॉड नव्वद-शंभर ग्रॅमपर्यंत वापरावा, ८०–१५० असेल तर सव्वाशेपर्यंत निर्धास्त जावे. आकडाच छापलेला नसेल तर तो रॉड कितीही स्वस्त असो, परत ठेवावा.

उलटी चूकही होते. 'मजबूत पाहिजे' म्हणून १००–२५०चा रॉड घेतला आणि पन्नास ग्रॅम लावले, तर रॉड वाकतच नाही. रॉड वाकला नाही तर त्यात ताकद साठत नाही आणि शिसे समोर पडते. मुडदुशीसारखा लहान मासा चावलेला अशा जाड टोकाला कळतही नाही.

फायबर की कार्बन?

दुकानात तीन प्रकार दिसतात. भरीव फायबरचा, पोकळ फायबरचा आणि कार्बनचा किंवा कार्बन मिसळलेला.

भरीव फायबर मोडत नाही म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते खरेही आहे. पण तो होडीतून खाली गळ सोडायला बरा, सहा-सात फुटांत. किनाऱ्यासाठी दहा-अकरा फुटांत तो पहारेसारखा जड होतो आणि टोक लवलव करत राहते.

पोकळ फायबर कार्बनपेक्षा जड आणि थोडा मऊ असतो, पण मार सहन करतो. गाडीच्या डिकीत आपटला, खडकावर पडला, मुलाने पाय दिला तरी सहसा निभावतो. मऊ असल्यामुळे फेकताना झालेली चूकही तो पोटात घालतो. शिकाऊ माणसासाठी आणि कमी पैशांसाठी हाच.

कार्बन हलका आणि ताठ. चांगल्या कार्बनची मजा वेगळी आहे यात वाद नाही. पण तो ठोकर सहन करत नाही. खडकावर बारीकशी टक्कर बसली तर वरून काही दिसत नाही, आणि महिन्याभराने मोठ्या माशावर त्याच जागी मोडतो. शिवाय चांगला कार्बन स्वस्त मिळत नाही. दीड हजारात '९९ टक्के कार्बन' असे स्टिकर दिसले तर त्या स्टिकरसाठी जास्त पैसे देऊ नका. रॉड हातात घ्या. जड लागतो, टोक वाकलेले दिसते, तर आत काय आहे ते हातच सांगतो. फायबरमध्ये थोडा कार्बन मिसळलेला रॉड बजेटात बसत असेल तर घ्यायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट जिवाची. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखालून उभा रॉड घेऊन चालू नका. ओला, खारट फायबरही भरवशाचा नाही. परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की रॉड आडवा ठेवून किनारा सोडायचा. मोकळ्या वाळूत अकरा फुटी काठी उभी धरलेला माणूस विजेसाठी सगळ्यात उंच खांब असतो.

आत सरकणारा की जोडायचा?

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न किनाऱ्यावर राहणाऱ्यापेक्षा जास्त पडतो. मालवणचा माणूस रॉड खांद्यावर टाकून चालत किनाऱ्यावर जातो. बेळगावहून वेंगुर्ल्याला जायचे तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास बसने किंवा मोटारसायकलवर.

एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक रॉड चार फुटांच्या आत मिटतो. बसच्या फळीवर मावतो, पाठीवर बांधता येतो. म्हणून सगळे तोच घेतात. त्याची अडचण समुद्रावर गेल्यावर कळते. ओल्या दोरीबरोबर खारे पाणी आणि वाळू जोडांत शिरते. एक तर तो मिटत नाही, किंवा फेकताना मधला तुकडा फिरतो आणि रिंगा एका रेषेत राहत नाहीत. शिवाय त्यात रिंगा फक्त जोडांवरच बसवता येतात, त्यामुळे वाक सगळ्या रॉडभर सारखा वाटला जात नाही. माझ्यासारख्यांचे असे रॉड मोडतात ते बहुतेक वरच्या बारीक तुकड्यांत.

दोन तुकड्यांचा अकरा फुटी रॉड साडेपाच फुटांचा होतो. कारमध्ये मावतो, मोटारसायकलवर मागच्याच्या हातात द्यावा लागतो. तीन तुकड्यांचा साधारण पावणेचार-चार फुटांचा होतो. बसने जाणाऱ्याने हाच शोधावा. किमतीत दोन तुकड्यांच्या तुलनेत थोडा फरक पडतो, पण टेलिस्कोपिकच्या कटकटी नाहीत.

तरीही टेलिस्कोपिकच घ्यायचा असेल, तर बुडाचे बूच फिरवून निघते का, ते बघून घ्या. ते निघाले तर सगळे तुकडे बाहेर काढून आतून धुता येतात. निघत नसेल तर तो रॉड एका हंगामाचा समजा.

दुकानात पाच मिनिटे काढा

ऑनलाइन स्वस्त मिळतो हे खरे, पण पहिला रॉड हातात घेऊन बघितलेला बरा. बेळगावात किंवा जाता-येता म्हापसा, मडगाव, वेंगुर्ले, मालवण, कारवार, जिथे दुकान दिसेल तिथे एवढे बघा.

रॉड पूर्ण जोडा. बुडाकडून बंदुकीचा नेम धरल्यासारखे एक डोळा मिटून रिंगांतून टोकाकडे बघा. सगळ्या रिंगा एका रेषेत हव्यात. जोडायच्या रॉडच्या तुकड्यांत थोडा फिरवून फरक घालवता येतो. रिंगच वाकडी बांधलेली असेल तर नाही.

रिंगांच्या आत काळे किंवा पांढुरके गुळगुळीत कडे असते. कानात घालायच्या कापसाच्या काडीने ते सगळ्या रिंगांत फिरवून बघा. कापसाचा धागा अडकला तर तिथे चीर आहे. ही चीर प्रत्येक फेकीला दोरी सोलणार आणि नेमका मोठा मासा आला की ती तुटणार. टोकाची रिंग दोनदा बघा. मापाच्या टोकाच्या रिंगा सुट्या मिळतात का, ते त्याच दुकानात विचारून ठेवा.

रिंगा मोजा. अकरा फुटी जोडायच्या रॉडवर टोक धरून सहा-सात तरी हव्यात. चारच असतील तर वाकल्यावर दोरी रॉडला घासते.

रीळ बसवायची जागा चांगली घट्ट आवळते का, बघा. रीळ लावून हलवा. प्लॅस्टिकची खुंटी असेल तर ती खाऱ्या पाण्यात आणि उन्हात लवकर तडकते. धातूची पट्टी आणि फिरकीचे पेच असतील तर बरे.

शेवटी वाक. टोक हातात धरून रॉड कमानीसारखा वाकवून दाखवणारे दुकानदार असतात. तसे करू नका, करू देऊ नका. सगळा जोर टोकाच्या वीतभरावर येतो आणि नवा रॉडसुद्धा मोडतो. रिंगांतून दोरी ओवा, सोबत्याला दोरीचे टोक धरायला सांगा आणि रॉड हळूहळू वर उचला. वरचा तिसरा हिस्सा सहज वाकला पाहिजे, मधला थोडा, बूड ताठ. जोडाजवळ कटकट आवाज आला तर तो रॉड नको.

रीळ आणि तंगूस

रॉडवर सगळे पैसे संपवून उरलेल्या तीन-चारशेत रीळ घेणारे खूप आहेत. खारे पाणी आधी रीळ खाते, मग रॉड. म्हणून रॉड शंभर-दोनशेने कमी घ्यावा पण रीळ बरे घ्यावे. पाच ते सहा हजार नंबरचे साधे स्पिनिंग रीळ पुरते. खोक्यावर 'बारा बेअरिंग' लिहिले आहे का, ते बघू नका. हँडल उलटे फिरते का बघा, फिरायला नको. पुढचा ड्रॅगचा पेच आवळून-सोडून दोरी हाताने ओढा. ती झटके न देता सरकत यायला हवी. तारेचा कमानीसारखा बेल खटकन पडायला हवा, अर्धवट नाही. दोरी ज्यावरून वळते ते बारीक चाक फिरायला हवे.

दोरीसाठी ब्रेडच्या मागे लागू नका. साधे तंगूस, ०.३५ मिलिमीटर जाडीचे, दोनशे मीटर. ते स्वस्त असते, वाळूत घासले तरी लवकर तुटत नाही आणि गुंता सोडवता येतो. रिळाच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून पूर्ण भरा. अर्धे भरलेले रीळ दोरी अडवते आणि फेक दहा-पंधरा मीटरने कमी होते. अंतर वाढवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

पुढच्या टोकाला मात्र जाड तंगूस जोडलेच पाहिजे, ०.६० मिलिमीटरच्या आसपास. लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर रिळावर चार-पाच वेढे. फेकताना शंभर ग्रॅमचा झटका या जाड दोरीवर यायला हवा. ती नसली आणि बारीक दोरी तुटली तर शिसे गोळीसारखे सुटते. समोर कोण पोहत असेल, सांगता येत नाही.

चार हजारांची वाटणी

दुकान, गाव आणि हंगाम यांप्रमाणे किमती हलतात, म्हणून ही वाटणी अंदाजाची समजा.

रॉडला पंधराशे ते सतराशे. रिळाला बाराशे ते चौदाशे. तंगूस, गळ, शिसे, फिरक्या मिळून पाचशे. उरले चारशे-पाचशे, त्यात डोक्याला बांधायचा दिवा आणि गळ काढायचा पक्कड. पक्कड चैन म्हणून सांगत नाही. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो, हाताने सोडवायला गेलात तर रात्र तळमळत जाते.

काही खर्च तर करूच नका. रॉड टेकवायचा स्टँड विकत घेऊ नका. नळवाल्याकडून दोन इंची पीव्हीसी पाइपाचा तीन-चार फुटी तुकडा घ्या, एक टोक तिरके कापा, वाळूत रोवा. झाला स्टँड. शिसे खडकात अडकून हरवतेच, म्हणून खडकाळ जागी गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग लावा. गळ मोठ्या रंगीत पाकिटांत घेऊ नका. होडीवाल्यांना सामान विकणाऱ्या दुकानांत सुटे मिळतात. मुडदुशीसाठी सहा-आठ नंबरचे बारीक, तांबोशीसाठी एक शून्य ते तीन शून्यचे मोठे. साध्या आकड्यात नंबर वाढला की गळ लहान होतो, 'शून्य'वाल्यांत नंबर वाढला की मोठा. यात नवा माणूस हमखास फसतो.

आमिषही बाजारातलेच. कोळंबी, तारलीचा तुकडा, बांगड्याची पट्टी. माकूल, म्हणजे गोव्यातली माणकी, जरा महाग, पण फेकताना गळावरून निसटत नाही.

चार हजारही नसतील तर

तुमच्याकडे हिडकलला किंवा राकसकोपला रोहू-कटल्यासाठी वापरलेला सात-आठ फुटी रॉड असेल तर आधी तोच घेऊन जा. खुल्या लाटांत तो चालणार नाही, पण खाडीच्या तोंडाशी, धक्क्यावर, भरतीच्या वेळी वीस-तीस ग्रॅम लावून काळुंदर, शेवटे, लहान तांबोशी मिळते. महिनाभर असे गरवून बघा. पहाटे तीनला उठून घाट उतरायचा उत्साह टिकला, तर नवा रॉड घ्या. नाही टिकला, तर चार हजार वाचले. घरचे म्हणतातच की एवढ्या पैशांत वर्षभराचे बांगडे आले असते!

जुना रॉडही वाईट नाही. उत्साह संपलेल्यांचे रॉड माळ्यावर पडून असतात. घेताना जोडाजवळ केसासारखी चीर आणि फायबरवर पांढरे वळ बघा. ते असतील तर फुकटही नको. नुसती रिंग गेली असेल तर ती बदलता येते, भाव पाडायला तेवढेच निमित्त.

आणि अगदीच काही नसेल तर शिरोड्याच्या त्या म्हाताऱ्यांसारखे लाकडाला गुंडाळलेले तंगूस, एक शिसे, दोन गळ. दोनशे रुपयांच्या आत होते. चावा थेट बोटाला कळतो. बोटाला चिंधी मात्र गुंडाळा, मोठा मासा दोरीने बोट कापतो.

पंधराशेचा रॉड पाच वर्षे कसा टिकेल?

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी धुवायचा, दुसऱ्या दिवशी नाही. गोड्या पाण्याने, साध्या फडक्याने. रिंगांच्या पायाशी आणि रीळ बसवायच्या जागेत विशेष. रिळावर नळाची जोरदार धार सोडू नका, मीठ आत ढकलले जाते. ड्रॅग आवळून हलके पाणी शिंपडा, पुसा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. जोडांवर वर्षातून दोन-चार वेळा मेणबत्ती चोळा, म्हणजे फेकताना सुटत नाहीत आणि नंतर अडकतही नाहीत. रॉड उन्हात, गाडीच्या काचेमागे तापत ठेवू नका. मोडतो तो बहुतेक वेळा माशामुळे नाही, दारात सापडून.

किनारा आपला एकट्याचा नाही

वेंगुर्ल्यापासून कारवारपर्यंत रापण ओढणारी कुटुंबे आहेत. रापण लागली असेल तिथे गळ टाकायचा नाही. जाळ्यात गळ अडकला तर कोणाचे तरी हात कापतात आणि त्या दिवसाची मिळकत जाते. आपण रविवारी हौसेला जातो, त्यांची ती चूल आहे. विचारले तर जागा तेच दाखवतात.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्या हंगामात तिथे रात्री दिवे आणि गोंगाट नको, वनखात्याने आखलेल्या जागेत तर पाऊलही नको. तुटलेले तंगूस वाळूत टाकून येऊ नका. ते कुजत नाही. कासवाच्या मानेला, पक्ष्याच्या पायाला अडकते. खिशात घालून घरी आणा.

पावसाळ्यात, जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा किनाऱ्यावरून गरवायचा मोह होतो. उधाणाच्या भरतीला खडकांवर उभे राहू नका. शेवाळलेल्या खडकावरून पाय सुटलेल्याला अकरा फुटी रॉड वाचवत नाही. पाण्यात शिरताना पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत लपलेले पाकट आधीच निघून जाते.

तर, दुकानात जाताना एवढे लक्षात ठेवा: लांबी दहा-अकरा, वजनाचा आकडा शंभर ग्रॅम पेलणारा, पोकळ फायबर, दोन-तीन तुकडे, रिंगांत कापूस फिरवून बघायचा, आणि रिळासाठी पैसे राखायचे. बाकी स्टिकर, रंग, चमक हे दुकानदाराचे काम. सुकतीला जाऊन वाळूतला चर बघून ठेवणे हे आपले.